यंत्राची बुद्धी आणि गुळव्याची नजर

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी एक विज्ञानकथापर लघुचित्रपट करावा, असा प्रस्ताव गतवर्षी आमच्या विज्ञानमंडळापुढे आला. तेव्हा प्रथम प्रत्येकाने आपापली कथा लिहून आणावी, असे ठरले. ज्या कथा आल्या त्यांपैकी बहुतेकांत पोलादी देहाचा व तांबड्या डोळ्यांचा एक यंत्रमानव होता. तो शहाणा होतो, मग उन्मत्त होतो, नगरेच्या नगरे जाळीत सुटतो, आणि शेवटी एखादा धाडसी मुलगा त्याची तार तोडून जगाचे रक्षण करतो. जळणारे नगर बहुधा न्यूयॉर्क असे, क्वचित मुंबई. कोल्हापूर एकाही कथेत नव्हते. आपले गाव जाळण्यास मुलांचे मन धजले नाही, की आपल्या गावात अशी काही गोष्ट घडू शकेल असे त्यांस वाटलेच नाही, हे सांगणे कठीण आहे. आम्हांस दुसरे कारण खरे वाटते. त्या लघुचित्रपटाच्या निमित्ताने वर्गात जो अभ्यास झाला, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, या हेतूने येथे मांडीत आहोत.

प्रथम त्या पोलादी माणसाचे कुळ पाहू. ‘रोबॉट’ हा शब्द जगाला दिला तो झेक लेखक कारेल चापेक याने. त्याचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली लिहिले गेले व १९२१ च्या आरंभी प्राग नगरीत रंगभूमीवर आले. झेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे सक्तीचे श्रम, आपल्याकडील ‘वेठ’. हा शब्द आपल्या भावाने सुचविला, असे चापेक स्वतः सांगत असे. मौज अशी की, त्याच सुमारास आपल्या करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराज वेठीची चाल कायद्याने बंद करीत होते. म्हणजे एकीकडे जिवंत माणसांची वेठ उठत होती, आणि दुसरीकडे एक नाटककार प्रश्न करीत होता की, वेठीसाठी माणसेच कारखान्यात तयार केली तर काय होईल? आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चापेकचे रोबॉट लोखंडाचे नव्हते. ते रसायनांपासून घडविलेल्या मांसाचे, दिसण्यात माणसासारखेच होते. धातूची ती चकचकीत मूर्ती लोकांच्या मनात ठसविली ती १९२७ साली निघालेल्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाने. तेव्हापासून शंभर वर्षे होत आली, आणि आमचे विद्यार्थी अद्यापि तीच मूर्ती वहीत काढीत आहेत.

मग खरी कृत्रिम बुद्धिमत्ता कशी असते? यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली एका निबंधात मांडला. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव जॉन मॅकार्थी याने व त्याच्या सहकाऱ्यांनी योजिले, आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ येथे त्या नावाने विद्वानांची बैठक भरली. आरंभी पुष्कळांची समजूत अशी होती की, यंत्रास सर्व नियम लिहून द्यावे म्हणजे ते शहाणे होईल. परंतु मनुष्याच्या ज्ञानापैकी पुष्कळसा भाग नियमांत लिहिताच येत नाही. सांप्रत जी यंत्रे आपल्या हातातील फोनवर बोलतात, ती नियम पाठ करून शिकलेली नाहीत. लक्षावधी उदाहरणे पाहून ती शिकली आहेत. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो’ एवढे म्हटले की पुढील शब्द तुम्हांस न सांगता सुचतो; कारण ती म्हण तुम्ही पुष्कळदा ऐकली आहे. भाषा लिहिणारे यंत्र हेच अतिप्रचंड प्रमाणावर करते. मागील शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे ते गणित मांडते, आणि तो शब्द ठेवून पुन्हा पुढचे गणित करते. हे वाचून कोणी यंत्रास तुच्छ लेखू नये. एवढ्या गणितातून जे उभे राहते ते कित्येकदा थक्क करणारे असते. मात्र ते कोठून आले हे ध्यानात असावे.

हा भाग वर्गात समजावून सांगताना गुऱ्हाळाचे उदाहरण आमच्या फार उपयोगी पडले, आणि पुढे तोच चित्रपटाचा विषय झाला. उसाचा रस काहिलीत उकळतो. चुना घालून व रानभेंडीचा चिकट रस मिसळून मळी वर आणतात व ती काढून टाकतात. रस आटत जाऊन काकवी होते, आणि त्यापुढे पाक. काहील चुलवाणावरून कोणत्या क्षणी उतरावयाची, हे ठरविणारा तो गुळव्या. शास्त्रज्ञ म्हणेल की, पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला आला म्हणजे उतरावा. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो बुडबुड्यांचा आकार पाहतो, फावड्यावरून पाक कसा ओघळतो ते पाहतो, चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत फिरवितो, आणि म्हणतो, ‘उतरा.’ थोडा आधी उतरला तर गुळाची ढेप बसत नाही. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नाही. बापाच्या वा चुलत्याच्या शेजारी उभे राहून त्याने शेकडो आधणे पाहिली आणि प्रत्येक वेळी बरे झाले की बिघडले ते कळत गेले. उदाहरणे आणि त्यांवरील निकाल, या दोहोंवर यंत्रही शिकते. फरक एवढाच की, निकाल कोणता हे यंत्रास दुसऱ्या कोणी तरी सांगावे लागते.

येथेच सगळी मेख आहे. अमेरिकेतील ॲमेझॉन या मोठ्या कंपनीने नोकरीसाठी आलेले अर्ज निवडण्यास एक यंत्रपद्धती तयार केली होती. मागील दहा वर्षांत आलेले अर्ज तिला शिकण्यास दिले. त्या धंद्यात पुरुषांचा भरणा अधिक असल्यामुळे यंत्राने असा धडा घेतला की, पुरुष उमेदवारच बरे; आणि अर्जात स्त्रियांचा निर्देश दिसला की ते गुण कमी करू लागले. अखेर कंपनीने तो प्रयोग सोडून दिला, आणि २०१८ साली ही हकीकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. यंत्राच्या मनात स्त्रीद्वेष नव्हता. त्याला मनच नव्हते. जुन्या निवाड्यांत जे दडले होते, ते त्याने इमानाने उचलले.

आता हाच न्याय आपल्या गुळास लावून पाहा. कोल्हापुरी गूळ सर्वत्र नावाजलेला आहे; त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरी ही पेठ वसविली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. परंतु बाजाराची एक खोड आहे: पिवळाधमक, फिकट गूळ दिसला की त्याला भाव चढतो, आणि तांबूस-तपकिरी गूळ मागे पडतो. रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस नावाचे रसायन रसात टाकतात, व त्याचे प्रमाण वाढले तर ते प्रकृतीस अपायकारक होते. रसायनाविना केलेला स्वच्छ गूळ पुष्कळदा काळपट दिसतो. असे असता एखाद्या यंत्रास गुळाची सहस्रावधी छायाचित्रे दाखविली, आणि ‘ज्याला भाव अधिक तो उत्तम’ एवढेच सांगितले, तर ते काय शिकेल? आम्ही हा प्रश्न फळ्यावर लिहिला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागील बाकावरील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, ते हायड्रॉस टाकायला शिकेल.” कथा येथे सापडली.

मुलामुलींनी मिळून रचलेले कथानक असे. काळ आजपासून वीस वर्षांनंतरचा. पंचगंगेकाठच्या एका गावातील गुऱ्हाळावर आजोबा गुळव्या आहेत. धुराने त्यांची दृष्टी मंदावली आहे. जिल्ह्यातील सर्व गुऱ्हाळे आता एकाच यंत्राशी जोडलेली आहेत. काहिलीवर टांगलेल्या डोळ्यातून ते पाक पाहते, केव्हा उतरावे ते सांगते, आणि ढेप थंड होण्यापूर्वीच तिचा दर जाहीर करते. आजोबांनी केलेल्या निर्मळ गुळास ते सदैव ‘कनिष्ठ’ म्हणते. त्यांची नात दहावी शिकलेली. तिला त्याच यंत्राकडे नोकरी लागते: रोज पाचशे छायाचित्रे पाहावयाची आणि प्रत्येकाखाली ‘उत्तम’ किंवा ‘कनिष्ठ’ अशी खूण करावयाची, म्हणजे त्यावरून यंत्र पुढे शिकत राहील. खूण कशी करावी याचे कोष्टक तिला दिलेले आहे. ते रंगाचे आहे. एके रात्री तिच्यापुढे आजोबांच्याच गुळाचे चित्र येते.

यात अद्भुत असे किती आहे? फार थोडे, आणि तेच योग्य आहे. विज्ञानकथेत एकच गोष्ट नवी गृहीत धरावी आणि बाकी सर्व सृष्टिनियमांप्रमाणे व मनुष्यस्वभावाप्रमाणे चालू द्यावे, असा आमचा विद्यार्थ्यांस उपदेश असतो. दहा चमत्कार एकत्र केले तर वाचकाचे एकाकडेही लक्ष राहत नाही. या बाबतीत आदर्श शोधण्यास दूर जावे लागत नाही. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. नावाची आद्याक्षरे उलटी करून ते नाव बनविले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. जगन्मान्य शास्त्रज्ञाची कथा म्हणून परीक्षकांनी भीड धरू नये, हा हेतू. कथेस पारितोषिक मिळाले, आणि मराठी विज्ञानकथेस एक मोठा लेखक लाभला. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

कथा ठरली की विद्यार्थी लगेच फोन उचलून चित्रीकरणास धावू पाहतात. त्यांस आम्ही महिनाभर थांबविले. कोल्हापुरात चित्रपट कसा जन्मला, हे आधी वाचावे असे सांगितले. बाबूराव मेस्त्री, ज्यांस सर्व लोक बाबूराव पेंटर म्हणून ओळखतात, हे व त्यांचे बंधू आनंदराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. फाळके यांचे चित्रपट पाहून आपणही असे करावे, ही ओढ त्यांस लागली. कॅमेरा विकत घेण्याजोगे द्रव्य नव्हते, म्हणून कॅमेराच घडवावयाचे ठरले. ते काम अपुरे असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पुण्यात झळकला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्मृतिस्तंभ आहे, त्यावरून शेकडो विद्यार्थी रोज सायकलीने जातात; तो कशाचा हे ठाऊक असणारे वर्गात तिघेच निघाले.

परंतु आम्हांस विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावयाची होती ती दुसरीच गोष्ट. बाबूराव प्रसंगांची, वेषांची व पात्रांच्या हालचालींची चित्रे आधी कागदावर काढीत. त्या काळी फिल्म महाग. दांडा हाताने फिरवावयाचा. चुकले तर पैसे बुडाले. म्हणून डोळ्यांनी जे पाहावयाचे ते आधी हाताने काढून पाहिलेले असे. आज फोनवर कितीही चित्रण करावे, पुसावे, पुन्हा करावे. यास्तव विचार करण्याची गरजच भासत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी नऊ मिनिटांच्या चित्रपटासाठी एकशे बारा चौकटी पेन्सिलीने काढल्या. प्रत्येकीखाली तीन गोष्टी लिहिल्या: कॅमेरा कोठे, प्रकाश कोठून, ऐकू काय येते. चित्रकला बेताची असली तरी चालते. काढताना असे दिसून आले की, एकोणीस चौकटींत कोणी तरी नुसते फोनकडे पाहत बसले आहे. त्या सर्व काढून टाकल्या.

या पूर्वतयारीचे मोल गुऱ्हाळावर कळले. शहराजवळच्या एका गावातील मालकांनी चित्रणास अनुमती दिली, आणि तेथील वृद्ध गुळव्यांनीच आजोबांचे काम करण्याचे कबूल केले. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक विद्यार्थ्याने पाक उतरण्याचा प्रसंग टिपला, तो मनासारखा झाला नाही, आणि सवयीने तो म्हणाला, “पुन्हा एकदा.” गुळव्या हसले. “पोरा, पाक कुणासाठी थांबत न्हाई,” ते म्हणाले. एक आधण म्हणजे अडीच-तीन तासांचा जाळ. पुढील काहील उतरेपर्यंत सारी मंडळी चिपाडाच्या ढिगावर बसून राहिली. त्या वेळात चौकटींच्या वहीवर पुन्हा नजर फिरविली गेली, जागा ठरल्या, आणि दुसऱ्या वेळी तो प्रसंग एका दमात साधला. गुळव्यांचे ते वाक्यही चित्रपटात घेतले.

उकळत्या काहिलीजवळ मुलांनी जाऊ नये, हा दंडक पहिल्या दिवसापासून होता. पाक अंगावर उडाला तर तो कातडीस चिकटतो व खोल भाजतो. चित्रण दहा हातांवरून, तिपाईवरून केले. वाफेने भिंग धुरकटे, ते पुसण्यास एक मुलगा नेमला होता. चरकाच्या घरघरीत संवाद ऐकू येईनात; तेव्हा संवाद संध्याकाळी चरक बंद झाल्यावर त्याच जागी वेगळे ध्वनिमुद्रित केले, आणि चरकाचा आवाज वेगळा. प्रकाशासाठी रुपेरी कागद चिकटविलेले दोन पुठ्ठे पुरले. बाबूरावांनी १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले होते, हे वाचून आमच्या मंडळींसही दिव्यांचा मोह झाला होता. परंतु चुलवाणाच्या तोंडातून येणारा जाळाचा तांबूस उजेड आजोबांच्या मुद्रेवर जसा पडे, तसा कोणत्याही दिव्याने पडला नसता.

यंत्र दाखवावयाचे कसे, यावर पुष्कळ वाद झाला. पुठ्ठ्याचा यंत्रमानव करावा, असे म्हणणारे अजूनही होते. आम्ही त्यांस १९६८ च्या ‘२००१: ए स्पेस ओडिसी’ या चित्रपटातील हॅल नावाच्या संगणकाचे उदाहरण दिले. त्यास हात नाहीत, पाय नाहीत. एक तांबडे भिंग आणि एक शांत आवाज, एवढेच. तरी त्याची धास्ती वाटते, कारण प्रेक्षक त्या भिंगामागे मन असल्याचे स्वतःच कल्पितो. मनुष्याची ही प्रवृत्ती फार बळकट आहे. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम याने ‘एलायझा’ नावाची एक साधी संभाषण-योजना केली. ती बोलणाऱ्याचीच वाक्ये उलटून प्रश्नरूपाने परत देत असे. ती कशी चालते हे ठाऊक असतानाही त्याची लेखनिक तिच्याशी बोलू लागली, आणि थोड्या वेळाने तिने त्यालाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले, कारण तिला एकान्त हवा होता! आमच्या चित्रपटात यंत्र म्हणजे बांबूला टांगलेले एक भिंग आणि आवाज. तो आवाज प्रथम खरखरीत, यंत्रासारखा केला होता. ऐकून सारे हसू लागले. मग आठवीतील एका मुलीने, बसथांब्यावरील सूचना वाचावी तसे, अगदी सरळ म्हटले, “दर कनिष्ठ. धन्यवाद.” कोणी हसले नाही.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. संवाद लिहिण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या विद्यार्थ्याने ते एका संभाषण-यंत्राकडून लिहवून आणले. लपविले मात्र नाही. चार पाने अर्ध्या मिनिटात झाली, म्हणून तो आनंदातच होता. त्यांत आजोबा नातीस म्हणतात, “प्रिय नाती, तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, त्याचा विवेकाने वापर करणे आपल्या हाती आहे.” आम्ही ते वाक्य गुऱ्हाळावर नेऊन त्या वृद्ध गुळव्यांस वाचून दाखविले व विचारले, “आपण नातीस असे म्हणाल काय?” ते क्षणभर विचार करून म्हणाले, “ह्ये कोण साहेब हाय?” त्या विद्यार्थ्यास आम्ही एक शब्दही बोललो नाही. तो दोन दिवस वही घेऊन गुऱ्हाळावर बसला, आणि जे ऐकले ते लिहून आणले. कोल्हापुरी माणूस माया कशी दाखवितो, रागावला म्हणजे गप्प कसा राहतो, हे यंत्राच्या वाचनात थोडेच आले असावे. कारण ते छापले थोडे गेले आहे. शिवाय परीक्षेत वा स्पर्धेत मान्य होईल अशा भाषेकडे त्याचा ओढा असतो. फिकट गुळाची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे, हे त्या विद्यार्थ्याने स्वतःच आम्हांस सांगितले.

यावरून यंत्रास शाळेच्या दाराबाहेर ठेवावे असे आमचे मत नाही. तापमापकाचे काम कसे चालते, हायड्रॉसचे रासायनिक नाव काय, हे मुलांनी त्यास विचारले, आणि उत्तरे प्रयोगशाळेतील पुस्तकांशी ताडून पाहिली; एक उत्तर चुकीचे निघाले, बाकीची बरोबर होती. यंत्राकडून चित्रेही काढविता येतात, परंतु ‘कोल्हापूरचे गुऱ्हाळ’ म्हणून जे चित्र त्याने काढून दिले, त्यात चिमणीतून निघणारा धूर सुंदर होता आणि काहील मात्र चहाच्या किटलीसारखी होती. ते आम्ही वर्गात लावून ठेवले आहे.

शेवट कसा करावा, हा वाद महिनाभर चालला. निम्म्या विद्यार्थ्यांचे म्हणणे, नातीने ‘उत्तम’ अशी खूण करावी. निम्म्यांचे म्हणणे असे की, तिने एकटीने खूण केली तरी बाजार तांबूस गूळ घेणार नाही. यंत्र चुकीचे ठरले म्हणून तिची नोकरी जाईल, आणि घर तिच्या पगारावर चालते. हा दुसरा पक्ष मांडणारा मुलगा शेतकऱ्याचा होता, व तो फार तळमळीने बोलला. तेव्हा आम्ही त्यांस बाबूरावांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटाची गोष्ट सांगितली. खोट्या कागदाच्या बळावर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, आणि तो शहरात गिरणी-कामगार होतो. त्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. देवादिकांच्या कथांनी पडदा भरलेला असता, कोल्हापूरच्या माणसांनी आपल्या शिवारातील दुःख तेथे आणले. तेथे शेतकऱ्यास बांधणारा कागद होता. येथे नातीच्या बोटाखालची खूण आहे. कागद खोटा होता, म्हणून त्यास खोटा म्हणता येत होते. कोष्टक मात्र खोटे नाही. बाजारात फिकट गुळास खरोखरच भाव अधिक आहे. मुलांनी हा फरक स्वतः शोधून काढला, आणि त्यानंतर ‘यंत्र दुष्ट आहे’ हे वाक्य संहितेतून आपोआप गळाले. अखेर जो शेवट ठरला तो असा: नातीचे बोट पडद्यावर थांबलेले दिसते, बाहेरून आजोबांचा आवाज येतो, “उतरा”, आणि पडदा काळा होतो. तिने कोणती खूण केली, हे दाखविलेले नाही.

पालकांपैकी काहींनी आम्हांस विचारले की, या खटाटोपास गुण किती. गुण नाहीत. खर्च मात्र थोडा झाला: तिपाई उसनी, फोन एका शिक्षिकेचा, पुठ्ठे व रुपेरी कागद, आणि गुऱ्हाळावर जाण्या-येण्याचे एस.टी.चे भाडे. दोन पालकांस अशी भीती वाटली की, मुले आता चित्रपटाच्या नादी लागतील. पैकी एक गृहस्थ अडत दुकानावर कामास आहेत. चित्रपट पाहून झाल्यावर ते बराच वेळ बसून राहिले, आणि आम्हांस म्हणाले की, रंग पाहून भाव लावणारे आम्हीच. मुलीने घरी तसे कधी विचारले नव्हते. त्यांच्या कन्येनेच बसथांब्याचा तो आवाज दिला होता.

शाळेच्या सभागृहात चित्रपट दाखविला त्या दिवशी गुऱ्हाळावरील मंडळींस पहिल्या रांगेत बसविले होते. श्रेयनामावलीत गुळव्यांचे नाव सर्वांच्या आधी, आणि सर्वांत शेवटी, कोणती माहिती यंत्रास विचारून घेतली, त्याची एक ओळ. ही ओळ असावी असा आग्रह संवाद लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा होता.

यंदा ज्यांस असा लघुचित्रपट करावयाचा असेल, त्यांनी चौकटींची जुनी वही प्रयोगशाळेच्या कपाटातून मागून घ्यावी. विषय गुळाचाच असावा असे नाही. चांभारवाड्यात चपला शिवणारे हात आहेत, हुपरीस चांदीचे कारागीर आहेत, तालमीत वस्ताद आहेत. नजरेने निकाल देणारी माणसे या जिल्ह्यात थोडी नाहीत. मात्र आधी त्यांच्याजवळ जाऊन बसावे, मग यंत्राची कल्पना करावी. गुऱ्हाळेच घ्यावयाची असल्यास हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो. तोपर्यंत चौकटी काढून झाल्या पाहिजेत, आणि मालकांची व ज्यांचे ज्यांचे चित्र घ्यावयाचे त्या सर्वांची अनुमती लेखी घेतलेली असली पाहिजे.